दोन खिडक्यांचा जुना कॅमेरा: घ्यायचा असेल तर आधी हे वाचा

२०२४ च्या जूनमध्ये पेंटॅक्सने एक नवा कॅमेरा बाजारात आणला आणि त्यात चक्क रोल भरावा लागतो. कार्ड नाही, मागे स्क्रीन नाही, तेव्हाची किंमत पाचशे डॉलर. रोलचा जमाना संपला म्हणून आपण कधीच हात झटकले होते, आणि आता कंपन्याच त्या वाटेला परत लागल्या आहेत. आपल्याकडे नवा कॅमेरा घेणारे थोडेच, पण जुने मात्र भराभर बाहेर निघू लागलेत. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या आजोबांच्या पेटीतून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काउंटरखालून. दर्यापूर असो की दारव्हा, कुणीतरी फोटो पाठवतं आणि विचारतं, "हा चालतो का? कितीले घेऊ?"

त्या फोटोत बहुतेक वेळा एकाच जातीचा कॅमेरा असतो. चंदेरी पत्रा, काळं कातडं, समोर वरच्या बाजूला दोन खिडक्या आणि न निघणारं भिंग. याला फिक्स्ड-लेन्स रेंजफाइंडर म्हणतात. १९६० आणि ७० च्या दशकांत याशिका, कॅनन, मिनोल्टा, ऑलिंपस, कोनिका या जपानी कंपन्यांनी असे कॅमेरे अमाप बनवले. सामान्य कुटुंबासाठीच ते होते, पण भिंगं मात्र अव्वल. म्हणूनच आज त्यांच्यावर उड्या पडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेड्यात राहून वापरायचा असेल तर नाव पाहू नका. बॅटरी नसली तरी ज्याचं शटर (उजेड आत सोडणारी झडप) सगळ्या वेगांवर चालतं तोच घ्या. का, ते पुढे येईलच.

दोन खिडक्या कशासाठी?

हात लांब करून अंगठा उभा धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसेल. अंगठा नाकाजवळ आणला तर जास्त सरकेल, लांब नेला तर कमी. म्हणजे दोन जागांवरून पाहिलं की किती सरकलं यावरून अंतर कळतं.

रेंजफाइंडर हेच करतो. एका खिडकीतून सरळ दिसतं. दुसरीतून आलेलं चित्र आत आरशावरून वळून त्याच काचेवर मधोमध पिवळसर चौकटीत पडतं. भिंगाची कडी फिरवली की हे दुसरं चित्र आडवं सरकतं. विजेच्या खांबाचे दोन खांब दिसत असतील तर अजून फिरवा. दोन्ही एकमेकांवर बसले की भिंग नेमकं त्या अंतरावर आलं. यात वीज लागत नाही, सगळं भूमितीवर चालतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवायला हवी. तुम्ही भिंगातून पाहत नसता, खिडकीतून पाहत असता. भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं, आणि अख्खा रोल कोरा निघतो. झाकण गोठ्यातल्या खुंटीला टांगा नाहीतर फेकून द्या, पण कॅमेऱ्यावर ठेवायचं तर दोरीने बांधून ठेवा. शिवाय खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या असल्याने जवळचा फोटो काढताना चौकट थोडी चुकते. आणि हे कॅमेरे साधारण पाऊण-एक मीटरच्या आत येऊच देत नाहीत. कापसाच्या बोंडाचा अगदी जवळून फोटो हवा असेल तर हा कॅमेरा तुमचा नव्हे. त्यासाठी भिंगातून पाहणारा एसएलआर घ्या.

उजेडाचा हिशेब

तीन आकडे समजले की काम झालं. दांडातून वाफ्यात पाणी सोडताना आपण दोन गोष्टी ठरवतो: तोंड किती रुंद फोडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं. भिंगाच्या छिद्राची रुंदी म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि ते उघडं राहण्याचा वेळ म्हणजे शटरचा वेग. तिसरी गोष्ट जमिनीची, तिला किती पाणी पुरतं. ती रोलवर छापलेली असते, तिला आयएसओ म्हणतात. आयएसओ ४०० च्या रोलला १०० च्या रोलपेक्षा चौथा हिस्सा उजेड पुरतो.

अ‍ॅपर्चरचे आकडे उलटे चालतात, एवढं लक्षात ठेवा. एफ-१६ म्हणजे बारीक छिद्र, एफ-२ म्हणजे मोठं. शटरवर ५०० लिहिलं असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग.

मग कोणता घ्यावा?

भारतात सगळ्यात सहज हाताला लागतो तो याशिका इलेक्ट्रो ३५. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तो निघत होता, जीएसएन हे त्याचं १९७३ चं रूप. भिंग ४५ मिमी, एफ-१.७, आणि ते खरोखर सुंदर आहे. तुम्ही अ‍ॅपर्चर ठरवायचं, शटरचा वेग तो स्वतः ठरवतो. पण हा सगळा खेळ बॅटरीवर. बॅटरी गेली की त्याला एकच वेग उरतो, सेकंदाचा पाचशेवा भाग. मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. सहा व्होल्टची ४एलआर४४ स्प्रिंग लावून बसवता येते आणि चालतेही, पण ती तालुक्याच्या घड्याळाच्या दुकानात मिळेलच याची हमी नाही. आतली वायरिंग पन्नास वर्षांची, आणि ती दुरुस्त करणारे हात आपल्या भागात फार कमी.

त्यापेक्षा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ (१९७२), मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस, ऑलिंपस ३५ आरसी किंवा ३५ एसपी, कोनिका ऑटो एस२ यांपैकी जो धड मिळेल तो घ्या. यांची बॅटरी संपली तर फक्त मीटर, म्हणजे उजेड मोजणारा काटा, मरतं. शटर स्प्रिंगवर चालतं, सगळे वेग हाताने लावता येतात. हाय-मॅटिकच्या घराण्याचा एक किस्सा सांगायचा मोह होतो. १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला तेव्हा त्याच्याजवळ दुकानातून विकत घेतलेला अ‍ॅन्स्को ऑटोसेट होता. तो म्हणजे दुसरं नाव लावलेला मिनोल्टा हाय-मॅटिकच.

यांच्यातल्या काहींना १.३५ व्होल्टची गोल बॅटरी लागायची. तिच्या जागी कानाच्या मशीनची ६७५ नंबरची बॅटरी चालते, १.४ व्होल्टची. अमरावती-अकोल्यात कानाच्या मशीनच्या दुकानात मिळते. आकाराने लहान असल्याने भोवती रबराची रिंग लागते, आणि वरचा स्टिकर काढला की काही आठवड्यांत ती संपते. म्हणून स्टिकर घाईने काढू नका.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा ऑनलाइन सोनेरी, नक्षीदार 'लाइका' (जर्मनीचा नावाजलेला महागडा कॅमेरा) दिसली तर हात जोडा आणि पुढे चला. त्या बहुतेक झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर नाव कोरून बनवलेल्या असतात.

दुकानात उभं राहून काय पाहायचं?

या भागावर वेळ घालवा. नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात.

पाठीमागचं झाकण उघडा. कडेच्या खाचांत काळा फोम असतो, उजेड आत येऊ नये म्हणून. त्यावर बोट टेकवा. पन्नास वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि बोटाला लागला की रॉकेलशिवाय निघत नाही. याला घाबरू नका. तो खरवडून त्या जागी काळी लोकर किंवा पातळ फोम बसवता येतो, घरच्या घरी, एका दुपारचं काम. पण विकणारा "सर्व्हिस केलेला आहे" म्हणत असेल आणि फोम मात्र तसाच चिकट असेल, तर सर्व्हिस म्हणजे फक्त फडकं फिरवलंय हे समजा. लाल-निळं नवंकोरं कातडं चिकटवलेले कॅमेरेही ऑनलाइन फार दिसतात. बाहेरून नटवलेल्या कॅमेऱ्याचं शटर दुप्पट बारकाईने तपासा.

शटर सगळ्यात हळू वेगावर लावा, समोरून भिंगात पाहा आणि बटण दाबा. पाकळ्या उघडून ठरल्या वेळी मिटायला हव्यात. अर्धवट अडकल्या, मिटायला कुरकुरल्या, तर आतलं ग्रीस सुकलंय किंवा तेल पाकळ्यांवर उतरलंय. मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढला तर लगेच कळतं. वेगवान शटर ठीक वाटतं म्हणून समाधान मानू नका, आधी बिघडतात ते हळू वेग. अ‍ॅपर्चरच्या पाकळ्या कोरड्या असायला हव्यात, तेलकट चमक नको.

मग शटर 'बी' वर लावून बटण दाबून धरा (दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं) आणि मागून मोबाइलचा टॉर्च भिंगातून पाडा. धुळीचे चार कण दिसतीलच, त्यांचं काही नाही. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर भाव पाडा, मधोमध पसरली असेल तर परत द्या.

शेवटी रेंजफाइंडर. लांबच्या देवळाच्या कळसावर कडी शेवटपर्यंत फिरवा, दोन्ही चित्रं एकच व्हायला हवीत. मग टेपने एक मीटर मोजून काहीतरी उभं ठेवा, ते जुळवा आणि कडीवर आकडा एकच येतो का ते पाहा. मधली पिवळी चौकट फिकी पडली असेल तर समोरच्या मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या टेपचा बारीक चौकोन चिकटवून पाहा, दुसरं चित्र उठून दिसायला लागतं. बॅटरीचा कप्पाही उघडा. तिथे हिरवट-पांढरी खपली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसली की बऱ्याचदा निघते.

मीटर बंद असेल तर काय करायचं?

काही नाही. विदर्भात नोव्हेंबर ते मे आभाळ बहुतेक दिवस मोकळं असतं, आणि मोकळ्या उन्हाचा एक जुना नियम आहे: एफ-१६ लावा आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओइतका किंवा त्याच्या सगळ्यात जवळचा ठेवा. रोल ४०० चा असेल तर ५०० चा वेग, २०० चा असेल तर २५०. कडुनिंबाच्या सावलीत एफ-५.६ किंवा ४ पर्यंत या. श्रावणातल्या भरून आलेल्या आभाळात एफ-५.६ च्या आसपास. रोलला उजेड थोडा जास्त झाला तर तो सांभाळून घेतो, कमी पडला तर सावल्यांत काहीच उरत नाही. म्हणून शंका आली की एक पायरी जास्त द्या. मोबाइलवर फुकटची मीटर अ‍ॅपही आहेत.

आणखी एक गंमत. ४० मिमीचं भिंग एफ-१६ वर ठेवून कडी सव्वातीन मीटरवर लावली तर साधारण पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे असताना खिडकीत काही जुळवत बसायची गरजच नाही. उचला आणि काढा. आपल्या उन्हात रेंजफाइंडर अर्धा वेळ सुट्टीवरच असतो.

दुपारचा खरा त्रास वेगळाच आहे: टोपीखाली आणि भुवयांखाली पडणारी काळीकुट्ट सावली. याला या कॅमेऱ्यांकडे उत्तर आहे. त्यांचं शटर भिंगाच्या आतच असल्याने फ्लॅश कोणत्याही वेगाला जुळतो, पाचशेलासुद्धा. त्या काळचे बहुतेक एसएलआर साठ किंवा सव्वाशेच्या वर फ्लॅश घेत नव्हते. छोटा फ्लॅश लावून भर दुपारी चेहरा उजळवता येतो.

रेंजफाइंडरची खरी वेळ येते ती संध्याकाळी. ओसरीवर आत्या सूप मांडीवर घेऊन तूर निवडत बसली आहे, दिवा अजून लागलेला नाही. रोल ४०० चा, एफ-२, साठचा वेग. आता मात्र अंतर नेमकं हवं, कारण छिद्र मोठं केलं की स्पष्ट दिसणारा पट्टा बारीक होतो. एका मीटरवर एफ-१.७ ला तो जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा. चित्र आडवं सरकतं, म्हणून जुळवायला उभी रेघ शोधा: लुगड्याचा उभा काठ, सुपाची कड, नाहीतर डोळ्यातला चमकणारा ठिपका. एसएलआरसारखा आत आरसा आपटत नसल्याने शटरचा आवाज अगदीच बारीक, टिक. आत्या मान वर करत नाही.

"हातात मोबाइल हाये ना भाऊ, मंग हे डबडं कायले?"

प्रश्न रास्त आहे. खर्चाचं बोलायचं तर रंगीत रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर धरून आजच्या भावात ३६ फोटोंना दीड हजाराच्या आसपास जातात. एका फोटोला चाळीसेक रुपये. पीकविम्यासाठी नुकसानीचा फोटो, सातबाऱ्याची प्रत, लग्नातली धावपळ, यासाठी मोबाइलच बरा, त्यात वाद नाही.

पण फायदा नाही असंही नाही. निगेटिव्ह हातात राहते. मोबाइल हरवतो, पासवर्ड विसरतो, कार्ड करप्ट होतं. आजोबांच्या लग्नाची निगेटिव्ह मात्र डब्यात सापडली तर आज पुन्हा कॉपी निघते. ज्याला हे नको आहे त्याने कॅमेरा घेऊ नये, उगाच फॅशन म्हणून तर नाहीच.

खर्च कमी करायचा असेल तर कृष्णधवलकडे वळा. शंभर फुटांचा मोठा रोल घेऊन जुन्या डब्यांत भरला तर ३६ चे अठराएक रोल निघतात.

रोल धुवायचा कुठे?

पूर्वी तालुक्याला रोल टाकला की चार दिवसांत कॉपी मिळायची. ती सोय गेली. आता मुंबई, पुणे, बंगळुरूच्या लॅबला कुरिअर करायचं, स्कॅन ईमेलने येतात, निगेटिव्ह मागून.

कृष्णधवल घरी धुता येतो. अंधारी खोली लागत नाही. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, हात घालून रोल धुण्याच्या बंद डब्यात (टँकमध्ये) भरायचा, पुढचं सगळं उजेडात. अडचण आहे ती आपल्या पाण्याची. डेव्हलपरला, म्हणजे रोलवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० अंश लागतात. एचपी५ हा कृष्णधवल रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये त्या तापमानाला साडेसात मिनिटांत होतो. पाणी गरम असेल तर वेळ इतका कमी होतो की धुलाई एकसारखी होत नाही, पाच मिनिटांच्या आत न आलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवाव्या लागतात. खरा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी, तेव्हा पाणी आपसूकच त्या आसपास असतं. रंगीत रोलच्या डेव्हलपरला ३८ अंश हवेत. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी फुकटात तिथवर पोचलेलं असतं, पण ती रसायनं नवख्याच्या हाती देऊ नयेत असं मला वाटतं.

पंचेचाळीस अंशांत कॅमेरा टिकेल?

टिकेल, ठेवणं नीट हवं. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर तेल पातळ होऊन शटरच्या पाकळ्यांवर उतरतं. रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात ठेवा. वापरण्याआधी डबा बाहेर काढून एक-दोन तास तसाच राहू द्या, लगेच उघडलात तर रोलवर दव धरतं. काढून झालेला रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका, उष्णतेने रंग बिघडतात.

पावसाळ्यात उलट काळजी. चामड्याची मूळ पेटी दिसायला झकास, पण ती ओल धरते आणि भिंगाला बुरशी लावते. कॅमेरा त्यातून काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून शटर दाबा. सोयाबीन मळणीच्या धुराळ्यात मात्र नेऊच नका. त्या कडीत गेलेली काळी माती पुन्हा निघत नाही.

कॅमेऱ्यात आधीच रोल असेल तर?

माळ्यावरच्या कॅमेऱ्यात हे बऱ्याचदा होतं, आणि पहिला हात जातो तो मागचं झाकण उघडायला. थांबा. आधी डाव्या हाताची रोल गुंडाळायची चावी हलकेच फिरवा. ताण लागला तर आत रोल आहे. तळाचं छोटं बटण दाबा, चावी बाणाच्या दिशेने सावकाश फिरवत राहा. एका क्षणी ताण सुटून चावी मोकळी फिरायला लागते, तेव्हाच झाकण उघडा. चुकून आधीच उघडलं असेल तर लगेच बंद करा. वरचे वेढे गेले असतील, आतले वाचण्याची आशा असते.

इतका जुना रंगीत रोल रंगीत धुण्याचा आग्रह धरू नका, कृष्णधवल म्हणून धुतला तर चित्र निघण्याची शक्यता जास्त असते. लॅबला पाठवताना पाकिटावर कॅमेऱ्याचं नाव, रोलवर जे छापलं असेल ते आणि रोल अंदाजे कोणत्या सालचा असावा, एवढं लिहा. त्यावरूनच ते धुण्याची पद्धत आणि वेळ ठरवतात.